हौसेचं दळण

मी घरघंटी. पुंडलिकनगरातल्या एका घराच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली उभी असते. रोज घरघर करतेच, पण ती मोटरीची. आज मी माझं बोलणार आहे. गोड काही ऐकायला मिळेल असं समजून बसू नका.

जन्म माझा राजकोटचा. लाकडी पेटी, वरून लाल सनमायका, पोटात मोटर आणि पोलादी पाती, खाली पिठाचा डबा, पायाला चाकं. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं पहिल्यांदा माझ्या तोंडात मूठभर गहू टाकले. पीठ चिमटीत धरून चोळलं, हुंगलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात झालेलं ते पहिलं कौतुक. मग पुठ्ठ्यात बांधून मला ट्रकमध्ये चढवलं आणि मी या शहरात आले. तेव्हा त्याचं नाव औरंगाबाद होतं. बोलणं मी इथंच शिकले.

जालना रोडवरच्या एका दुकानात बरेच दिवस उभी होते. बायका यायच्या, झाकण उघडून आत बघायच्या, किंमत विचारायच्या आणि पदर सावरून पुढं जायच्या. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता वाटतं, किंमत ऐकून मागं फिरणाऱ्या त्या बायका शहाण्या होत्या.

काकासाहेब आले ते दिवाळीच्या तोंडावर. शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. एकटेच आले होते. दुकानदारानं विचारलं, वहिनींना आधी दाखवायची का. ते म्हणाले, ‘‘तिला काय दाखवायचं. माझ्या मेव्हण्याकडं आहे ही. त्याच्यापेक्षा मोठी काढा.’’

त्याच्यापेक्षा मोठी मी होते.

पैसे त्यांनी रोख दिले नाहीत. पाकिटातून एक निळं कार्ड काढलं. दुकानदाराशी बोलता बोलता त्यांनीच सांगितलं की कंपनीच्या गेटवर छत्रीखाली बसलेल्या पोरानं ते करून दिलं, अगदी फुकट. कार्ड मशीनला लावलं, कागद टरकन बाहेर आला आणि काकासाहेबांचा चेहरा असा खुलला की जणू मी त्यांना बक्षीस मिळाले होते. माणूस खिशातल्या नोटा मोजून देतो तेव्हा त्याच्या कपाळावर एक आठी येते. ती आठी त्या दिवशी आली नाही. पुढं सगळं बिघडलं ते त्या न आलेल्या आठीमुळं, असं मला वाटतं.

मेव्हणा म्हणजे बन्सी, काकासाहेबांच्या बायकोचा धाकटा भाऊ. राहणार करमाडचा. त्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मोबदला आला, मग गाडी आली, बंगला आला आणि घरघंटीही आली. काकासाहेबांचं गाव वैजापूरकडचं. तिथल्या जमिनीकडं कुणी कारखानदार फिरकला नाही. माणूस कष्टाळू होता, पगारही बरा होता. पण बन्सीच्या घरी जेवून आले की दोन दिवस धड बोलायचे नाहीत. ते का, हे कळायला मला वेळ लागला.

घरात माझं स्वागत झालं नाही. काकासाहेबांची बायको द्वारकाबाई दाराशी उभी राहून माझ्याकडं नुसतीच बघत होती. नंतर समोरच्या वच्छलाबाईंना तिनं सांगितलं की चौकातल्या गिरणीत जायचं तेवढंच तिचं बाहेर पडणं होतं. दळण होईपर्यंत चार बायकांशी बोलणं व्हायचं, आता तेही गेलं. वच्छलाबाई वयानं मोठ्या, गल्लीत सगळ्यांना ओळखून. त्या म्हणाल्या, मग नको वापरू, आणलीय म्हणून वापरायलाच पाहिजे असं कुठंय. द्वारकाबाईनं माझ्यावर एक भरतकामाचा रुमाल टाकला आणि वर प्लास्टिकची फुलं ठेवली. पाहुणे आले की काकासाहेब रुमाल उचलून मला दाखवायचे आणि पुन्हा झाकायचे. दाखवण्यापुरतं माझं आयुष्य उरलं.

माझ्या पाठोपाठ भिंतीएवढा टीव्ही आला. नवे फोन आले. मुलीच्या वाढदिवसाला हॉल घेतला, आणि बन्सीच्या कुटुंबाला सगळ्यात पुढं बसवलं. मे महिन्यात महाबळेश्वर झालं. प्रत्येक वेळी द्वारकाबाई विचारायची, एवढे पैसे कुठून आणले. काकासाहेब म्हणायचे, ‘‘कार्ड आहे ना.’’ ती बिचारी समजायची, कार्ड म्हणजे बँकेत ठेवलेल्या पैशाची किल्ली. आपल्याकडं एवढे पैसे साठलेत याचं तिला कौतुक वाटायचं.

मग काकासाहेबांचा फोन वाजला की ते उठून फाटकापाशी जायला लागले. जेवता जेवतासुद्धा. परत आले की पोळी तशीच ताटात असायची. एकदा पाकिटात निळ्याशेजारी दुसरं, सोनेरी कार्ड दिसलं. पहिल्याचं देणं दुसऱ्यातून काढून भरत होते, आणि दुसऱ्याचं फक्त बँक मागेल तेवढं, अगदी कमीत कमी.

घरात एकच माणूस असं होतं ज्याला काही मोठं हवं होतं, आणि त्यानं कधी हट्ट केला नव्हता. ती शिवकन्या, त्यांची एकुलती मुलगी. बारावी झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. लहानपणी घाटीच्या सरकारी दवाखान्यात आजीजवळ बसून तिनं तिथल्या नर्सबाईंना काम करताना पाहिलं होतं, तेव्हापासून हेच. नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. त्या आठवड्यात ती माझ्यावर कोपर टेकून फोनवर मैत्रिणींना सांगत असायची, आणि तिच्या बोलण्यानं मी मोटर बंद असतानाही थरथरायचे.

फी भरायच्या दिवशी काकासाहेब तिला घेऊन गेले. दुपारी परत आले तेव्हा शिवकन्या दारातून सरळ येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली, चपला न काढता. द्वारकाबाईनं विचारलं, काय झालं. पोरीनंच सांगितलं. खिडकीवर पप्पांनी एक कार्ड दिलं, मशीननं घेतलं नाही. दुसरं दिलं, तेही घेतलं नाही. मागं रांग होती. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, साहेब, बाजूला होता का जरा.

‘‘मग मी बाजूला झाले,’’ शिवकन्या म्हणाली.

त्या दिवशी द्वारकाबाईला कार्ड म्हणजे काय ते कळलं. काकासाहेबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, म्हणजे निम्मं सांगितलं. द्वारकाबाई रडली नाही. उठली आणि म्हणाली, ‘‘माझं गंठण मोडा आन् पोरीची फी भरा. अजून परवापर्यंत मुदत हाय.’’

काकासाहेब जागचे हलले नाहीत. तेव्हा उरलेलं निम्मं बाहेर पडलं. गंठण कपाटात नव्हतंच. मधल्या काळात हप्ते थकले तेव्हा त्यांनी ते गुपचूप सावकाराकडं गहाण टाकलं होतं. रोज गळ्यात काळ्या मण्यांची छोटी पोत घालणारी द्वारकाबाई, तिनं डबी उघडून बघितलीच नव्हती.

मग ती म्हणाली, बन्सीला फोन करते, तो नाही म्हणायचा नाही. एवढा वेळ खाली मान घालून बसलेले काकासाहेब तेव्हा मात्र ताडकन उठले. ‘‘बन्सीला कळता कामा नये. त्याच्यापुढं हात पसरला तर मी ह्या घरात राहणार नाय.’’

द्वारकाबाईच्या हातात फोन होता. तिनं तो खाली ठेवला.

मी यंत्र आहे. दाणे टाकले तर दळते, नाही टाकले तर गप्प बसते. पण त्या दिवशी मला माझ्या गप्प बसण्याची चीड आली. परवाचा दिवस आला आणि गेला. शिवकन्याची जागा यादीतल्या खालच्या मुलीला मिळाली.

त्यानंतर वसुलीचा माणूस आला. नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. घर माहीत असून गल्लीत उभा राहून मोठ्यानं विचारत होता, बँकेचं देणं आहे ते काकासाहेब कुठं राहतात. द्वारकाबाईनं त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर तिनं खिडकी लावून घेतली. माझ्यावरचा रुमाल उगाच सारखा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन दारात. कालचा प्रकार त्यांनी ऐकला होता, सगळ्या गल्लीनं ऐकला होता. त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘गिरणीपस्तोर जायला गुडघे दुखत्यात. तुझ्या मशीनीत दळून दे. आन् पैसे घ्यायचे. फुकट दळणार असशील तर मी पुन्यांदा येणार नाय.’’

रुमाल निघाला, फुलं निघाली. इतक्या वर्षांनी पोटात दाणे पडले आणि माझी पाती फिरली. वच्छलाबाईंनी पीठ चिमटीत धरून बघितलं, म्हणाल्या, चांगलं उतरतंय. त्यांचे गुडघे ठणठणीत होते, हे मला ठाऊक होतं. याच बाई भाजी आणायला पार शिवाजीनगरपर्यंत पायी जायच्या.

मग द्वारकाबाई बँकेत गेली. शिवकन्याला सोबत घेऊन. तिथल्या एका बाईनं तिला खुर्ची देऊन नीट समजावलं. परत आल्यावर तिनं ते नवऱ्याला स्वतःच्या शब्दांत सांगितलं. कमीत कमी रक्कम भरली की बँक गप्प बसते, व्याज गप्प बसत नाही. ते उरलेल्या सगळ्यावर चढत राहतं, आणि नवीन काही घेतलं की त्याच्यावर पहिल्या दिवसापासून चढतं. एक कार्ड पुरं मिटवायचं, दुसऱ्याच्या देण्याचे ठरावीक हप्ते पाडून घ्यायचे, आणि फिटेपर्यंत एकही वस्तू उधार आणायची नाही. सावकाराकडचं गंठण सोडवून आणलं नाही, तिथंच मोडलं. सावकाराचं देणं फेडून वर उरलेले पैसे, टीव्ही विकून आले ते, नवे फोन विकून आले ते, असं करून सोनेरी कार्ड मिटलं. दोन्ही कार्डं तिनं दुधाची पिशवी कापायच्या कात्रीनं कापली. काकासाहेब बघत होते.

पुढचं सांगायला सोपं आहे, जगायला नव्हतं. पगार झाला की आधी हप्ता. मग किराणा, वीज, दूध. उरलं तर भाजी, नाही तर पिठलं. काकासाहेबांनी मोटारसायकल विकली आणि कंपनीच्या बसनं जायला लागले. ओव्हरटाइमही केला. ते मी नाकारणार नाही. पण घरी आले की असे बसायचे, जणू त्यांच्यावर अन्याय झालाय आणि तो ते मोठ्या मनानं सोसतायत.

आणि मी दळत होते. आधी गल्लीचं, मग मागच्या गल्लीचं. त्यानंतर टाळेबंदी लागली. चौकातली गिरणी बंद, लोक तोंडाला रुमाल बांधून दाराबाहेर डबा ठेवून जायचे. काकासाहेबांचा पगार निम्म्यावर आला, पण हप्ता चुकला नाही. द्वारकाबाईनं थालीपिठाची भाजणी करायला घेतली, उपवासाचं पीठ केलं, नाचणीचं केलं. धान्य निवडणं, भाजणं, दळणं, पुड्या बांधणं. माझ्या पोटातून उडालेलं पीठ तिच्या केसांत, भुवयांत, कानांत बसायचं. संध्याकाळी ती आरशापुढं उभी राहिली की म्हातारी दिसायची. तोंड धुतलं की म्हातारपण जायचं, निदान सुरुवातीला तरी. खोकला मात्र लागला तो लागलाच.

शिवकन्या माझ्या जाळ्या ब्रशनं साफ करायची. त्या दिवसांत फोनवर जाहिराती यायच्या, या दवाखान्यात नर्स हव्यात, त्या दवाखान्यात तातडीनं हव्यात. ती वाचायची, फोन उलटा ठेवायची आणि पुन्हा जाळी घासायला लागायची. आई विचारायची, काय आलं गं. ती म्हणायची, काही नाही. टाळेबंदी उठल्यावर सेव्हन हिलजवळच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तिला नोकरी मिळाली, आलेल्या माणसांची नावं लिहून घ्यायची. पगार ती जशाच्या तसा आईच्या हातात द्यायची.

अशानं ते फिटलं. शेवटचा हप्ता गेला, बँकेनं देणं शिल्लक नसल्याचा कागद दिला. काकासाहेबांनी तो लॅमिनेट करून आणला. आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना पुन्हा हौस आली. म्हणाले, बन्सीला सहकुटुंब जेवायला बोलावू. द्वारकाबाईनं विरोध केला नाही. गहू मीच दळले, पुरणपोळीला हवे तसे बारीक.

पंगत माझ्यासमोरच बसली. काकासाहेब रंगात आले. महागाई किती, लोक कर्जात कसे बुडतात, आपण कसं एकेका हौसेवर पाणी सोडलं आणि बँकेची पै न् पै चुकती केली, ते सांगत होते. कर्जाची गोष्ट बन्सीला पहिल्यांदाच कळत होती, तीही अशी, विजयाची कथा म्हणून. बन्सीच्या बायकोनं सहज विचारलं की घरघंटी बाहेरच्या खोलीत कशाला ठेवलीय, एवढी जागा अडते. काकासाहेब हसले.

‘‘हिला हौस आहे दळायची. तेवढाच वेळ जातो.’’

द्वारकाबाई पोळी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. पोळीवर तूप सोडून ती पुढच्या ताटाकडं सरकली. पण शिवकन्यानं कटाच्या आमटीचं भांडं खाली ठेवलं.

‘‘हौस तुमची होती, पप्पा. मम्मीनं ती दळून फेडली.’’

मग तिनं मामाला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, लॅबमध्ये नावं वाचून दाखवावीत तसं. कॉलेजची खिडकी, गंठण, आणि मामाला फोन करायला पप्पांनी कसं मना केलं तेही. बन्सीचा घास हातातच राहिला. त्यानं बहिणीकडं बघितलं.

‘‘आक्का, एक फोन करायचा व्हता. मी त्याच दिवशी येऊन फी भरली असती.’’

‘‘ह्यांना चालत नव्हतं,’’ द्वारकाबाई म्हणाली. ‘‘आन् मी ऐकलं.’’

निघताना बन्सीनं भाचीला बाजूला घेतलं. म्हणाला, अजून वेळ गेलेली नाही, मी फी भरतो, परत द्यायची नाही. त्याच्या मनात खोट नव्हती. शिवकन्यानं त्याच्या पाया पडून सांगितलं, ‘‘नको मामा. माझ्या नावानं आता कुणाचं काहीच नको.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब बूट घालता घालता म्हणाले, आता देणं राहिलं नाही, तर हे दळणबिळण बंद करा, सुपरवायझरच्या घरी बरं दिसत नाही. द्वारकाबाई माझ्या तोंडात ज्वारी ओतत होती.

‘‘करते की बंद,’’ ती म्हणाली. ‘‘पोरीची वर्षं तेवढी आणून द्या.’’

तिनं बटण दाबलं. मी फिरायला लागले. काकासाहेब काहीतरी बोलले असतील, ते माझ्या आवाजात बुडालं. मग ते बस गाठायला गेले.

आता माझं वय झालंय. मोटर एकदा बदलली, बेअरिंग कुरकुरतं, लाल सनमायका कोपऱ्यावर उडालाय. तरी मी दळते, आणि आताचे पैसे द्वारकाबाई स्वतःच्या नावावर टाकते. घरात उधार काही येत नाही. येतं ते आधी पैसे जमवून, उशिरा येतं, आणि त्याचं कुणाला भय वाटत नाही. तेवढं या घरानं मिळवलं.

पण शिवकन्याकडं बघवत नाही. तुटलेल्या चपलेला ती पुन्हा पुन्हा टाके घालते. मैत्रिणींनी चहाला बोलावलं तर डोकं दुखतंय म्हणते. आईनं तिला आणलेला ड्रेस तिनं दुकानात परत देऊन पैसे आणून दिले. रोज उन्हातून लॅबपर्यंत चालत जाते, शेअर रिक्षा शेजारून हॉर्न देत जाते तरी. पर्समध्ये पैसे असतात. मी बघितलेत. खर्च करायचा म्हटलं की तिच्या पाठीमागं अजून ती रांग उभी राहते आणि कुणीतरी म्हणतं, बाजूला होता का जरा. आपल्या ऐपतीत राहणं वेगळं. ती त्याच्याही पुष्कळ आत, एका कोपऱ्यात राहते.

मी ओरडून सांगते तिला. तिला वाटतं, मोटर तापली. ती येऊन मला बंद करते.

तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेलात आणि पुंडलिकनगरकडून सेव्हन हिलकडं एक उंच, सावळी मुलगी डोक्यावर ओढणी घेऊन भरभर चालताना दिसली, तर माझं एवढं काम करा. तिला सांगा, बाई, सगळं फिटलं. आज रिक्षानं जा.